अक्षरांचा इंजिनिअर : र. कृ. जोशी

कॉम्प्युटरवर मराठी टाईप करताना फॉन्टच्या यादीत 'मंगल' हे नाव आपण सगळ्यांनीच पाहिलंय. हा मंगल कोणी काढला, हे मात्र हॉस्टेलमध्ये दहा जणांना विचारलं तरी कोणी सांगत नाही! तो काढला एका मराठी माणसाने. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच र. कृ. जोशी. २००८ साली ते गेले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. पण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली माझ्यासारखी मुलगी आज मराठी टाईप करते, यात त्यांचा मोठा वाटा आहे.

जोशींचा जन्म १९३६चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये ते कमर्शियल आर्ट शिकले आणि जाहिरातीच्या धंद्यात पडले. उल्का या नावाजलेल्या एजन्सीत त्यांनी बरीच वर्षं आर्ट डायरेक्टर म्हणून काम केलं. दिवसा जाहिराती आणि बाकी वेळ अक्षरं! ते कवीही होते. त्यांच्या काही कवितांत शब्द नुसते वाचायचे नसतात, कागदावर ते कसे मांडलेत तेही पाहायचं असतं. बोरू, ब्रश, हाताला लागेल ते घेऊन ते अक्षरं काढत.

१९८३ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवायला आले. चांगली चाललेली लाईन सोडून मास्तरकी! पण इथेच चित्रकाराची गाठ कॉम्प्युटरशी पडली. एनसीएसटी या सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी 'विन्यास' नावाच्या सॉफ्टवेअरवर काम केलं. फॉन्ट काढायचं सॉफ्टवेअर, पण लेखणीच्या वळणाचा विचार करणारं. म्हणजे हातातली कला प्रोग्रॅमरला समजेल अशी उलगडून सांगायची. हे किती अवघड असेल, विचार करा!

तेव्हाची अडचण काय होती? प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले. फॉन्ट बदलला की मजकुराची खिचडी! युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर मिळाला. पण नुसत्या नंबरने भागत नाही. 'कि' टाईप करताना आधी क, मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी आधी! जोडाक्षरांचंही तसंच. हे सगळे नियम फॉन्टमध्ये घालावे लागतात. साठी उलटल्यावर जोशी एनसीएसटीत हेच काम करत होते. विंडोज २०००बरोबर मंगल घरोघरी पोचला. तमिळचा लता, गुजरातीचा श्रुती, तेलुगूचा गौतमी हे विंडोजचे फॉन्टही त्यांच्याच हातचे.

आता हे सगळं मी इंजिनिअरिंगच्या मासिकात का लिहितेय? माझं घर अलोऱ्याला. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीचं गाव. तिथे इंजिनिअर म्हटलं की टर्बाइन, बोगदे, कोळकेवाडीचं धरण. ज्याची ड्रॉइंग चांगली, तो वेगळा मुलगा. कॉलेजातही तेच. कोड लिहिणारे एका खोलीत, पोस्टर काढणारे दुसऱ्या. जोशी आणि ते प्रोग्रॅमर असेच आपापल्या खोलीत बसले असते, तर मंगल झालाच नसता.

आणि हे काम संपलेलं नाही. चिपळूणच्या रस्त्याला शुभेच्छांचे फ्लेक्स बघा. जागा भरायची म्हणून अक्षरं रबरासारखी ताणलेली, जोडाक्षरं मोडलेली. सॉफ्टवेअर सगळ्यांकडे आहे, अक्षराकडे बघायची सवय नाही. म्हणून डिझाइन करणाऱ्यांसाठी, मला उपयोगी पडलेल्या चार गोष्टी :

१. माऊसला हात लावण्याआधी शीर्षक कागदावर हाताने लिहून बघा. कुठे जागा जास्त, कुठे कमी ते लगेच कळतं.

२. मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. मेलने पाठवला तरी खिचडी होत नाही.

३. इनडिझाइनमध्ये वेलांटी भलतीकडे गेली, तर पॅराग्राफच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी' कम्पोझर निवडा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही प्रेफरन्सेसमधल्या 'टाईप'खाली तसाच पर्याय होता.

४. अक्षर आडवं-उभं ताणू नका. जाड हवं तर जाड वजनाचा फॉन्ट घ्या. आणि ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवा, वर मात्रा आणि खाली उकार असतात. मंगल मुळात स्क्रीनसाठी आहे. पोस्टरला दुसरा फॉन्ट शोधा, जोशीसर रागावणार नाहीत!

जोशींनी आयुष्यभर एकच विषय धरला, साधनं मात्र बदलत गेली. बोरूपासून कोडपर्यंत. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना नवीन शिकायला उशीर वाटला नाही, मग आपल्याला विसाव्या वर्षी का वाटावा? पुढच्या अंकाचं मराठी पानांचं लेआउट आपणच करायचंय. कॉम्प्युटरवाले आणि ड्रॉइंगवाले, दोघांनीही नावं द्या. एकाच टेबलावर बसू!