लक्ष्मणराव किर्लोस्कर : देशी नांगराचे निर्माते

विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारताच्या बाजारपेठेत यंत्रे आणि अवजारे प्रामुख्याने परदेशातून येत असत. विलायती माल टिकाऊ आणि देशी माल कच्चा, अशी समजूत समाजात दृढ झाली होती. अशा काळात एका लहानशा कार्यशाळेत घडविलेला लोखंडी नांगर विलायती नांगराच्या स्पर्धेत उतरविण्याचे धाडस लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी केले. हा नांगर तयार करणे कठीण होते; परंतु त्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसविणे त्याहून कठीण होते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. हा भाग त्या वेळी मुंबई इलाख्यात होता; आज तो कर्नाटकात आहे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने विद्येची घराण्यातील परंपरा चालवावी, अशी घरातील अपेक्षा होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र पुस्तकांपेक्षा चित्रे आणि यंत्रे यांत अधिक रमत असे. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना ओळखता येत नव्हता. चित्रकार होण्याचे स्वप्न संपले. पण रेषेवरील प्रभुत्व कायम होते. त्यांनी यंत्रांच्या रेखाचित्रांचा अभ्यास केला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे हाताळून ते स्वतःही शिकत राहिले. पात्रता असूनही बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावला परतले.

बेळगावात या दोघा बंधूंनी १८८८ मध्येच सायकलींचे दुकान सुरू केले होते. सायकल विकणे, ती चालविण्यास शिकविणे आणि दुरुस्त करणे, असा तो व्यवसाय होता. परंतु दुसऱ्याने बनविलेल्या वस्तू विकण्यात लक्ष्मणरावांना समाधान नव्हते. आपल्या परिसरातील लोकांना कोणत्या वस्तूची गरज आहे, याचा ते शोध घेऊ लागले. भोवताली शेतकऱ्यांची वस्ती होती. जनावरांसाठी कडब्याचे बारीक तुकडे करण्यात त्यांचे बरेच श्रम खर्च होत. म्हणून लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर त्यांचे लक्ष नांगराकडे वळले.

लाकडी नांगर जमीन उकरतो. पण खालची माती वर आणून पलटत नाही. काळ्या जमिनीत खोलवर गेलेली हरळी आणि कुंदा त्याने निघत नाही. लोखंडी नांगराच्या फाळामागे माती पलटणारे वक्र पाते असते. त्यामुळे तण मुळासकट उपटले जाते आणि खालची माती उन्हाला लागते. इंग्लंडमध्ये तयार झालेले असे नांगर त्या काळी बाजारात मिळत होते. मात्र त्यांचा एखादा भाग मोडला, तर त्यासाठी सातासमुद्रापलीकडील कारखान्यावर विसंबून राहावे लागे. तसाच नांगर येथे बनविला, तर त्याचे सुटे भागही येथेच मिळतील, हे लक्ष्मणरावांनी ओळखले. १९०३ च्या सुमारास त्यांचा नांगर तयार झाला.

नांगर तयार झाला. पण ग्राहक मिळेना. लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही भीती अज्ञानातून आलेली असली, तरी तिच्यामागील काळजी खरी होती. ज्याचे वर्षभराचे अन्न एका हंगामावर अवलंबून असते, तो नव्या अवजाराचा प्रयोग आपल्या शेतावर सहजासहजी होऊ देत नाही. विलायती नांगराला निदान नाव होते; या नांगराला तेही नव्हते. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. तयार माल पडून होता आणि त्यात पैसा अडकला होता. तरीही लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. त्यांनी नांगर शेतात नेला आणि प्रत्यक्ष नांगरट करून दाखविली. फाळ मऊ असेल तर तो लवकर झिजतो, आणि फार कडक असेल तर दगडावर आपटून तुटतो. वापरातून अशा ज्या तक्रारी पुढे आल्या, त्यांनुसार ते नांगरात सुधारणा करीत गेले. शेतकऱ्याची तक्रार हाच त्यांच्या कारखान्याचा खरा गुरू ठरला.

व्यवसायाला थोडे स्थैर्य येते न येते, तोच नवे संकट कोसळले. शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. ती जमीन ओसाड होती. सर्वत्र निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपल्या सहकाऱ्यांसह तेथे आले. निवडुंग तोडून त्यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. तीच आजची किर्लोस्करवाडी होय. या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी राखणदारीची जबाबदारी सोपविली आणि त्यांना प्रतिष्ठेने जगण्याची संधी दिली.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी मालाची आवक घटली, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. पण त्याच युद्धामुळे लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. रणांगणासाठी ओतलेल्या धातूचे असे शेतीच्या अवजारांत रूपांतर झाले.

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या कंपनीची स्थापना झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविणारे हे पत्र पुढे मराठीतील एक प्रतिष्ठित मासिक बनले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, पाण्याचे पंप अशी अनेक यंत्रे किर्लोस्करवाडीत तयार होऊ लागली. पुढच्या पिढीने हा विस्तार महाराष्ट्राबाहेर नेला. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे, तुंगभद्रेच्या काठी, ‘म्हैसूर किर्लोस्कर’ हा कारखाना उभा राहिला. तेथे लेथसारखी यंत्रे, म्हणजे यंत्रे घडविणारी यंत्रे तयार होऊ लागली. एकेकाळी नांगरासाठीही परदेशाकडे पाहणाऱ्या देशाच्या दृष्टीने हा पल्ला मोठा होता.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. २० जून १९६९ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. बेळगावातील एक रस्ता आजही किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.

लक्ष्मणरावांजवळ आरंभी मोठे भांडवल नव्हते आणि अभियांत्रिकीची पदवीही नव्हती. वस्तू देशी आहे म्हणून ती लोकांनी घ्यावी, असा हट्ट त्यांनी धरला नाही. ती वापरणाऱ्याच्या कसोटीला उतरली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. दोन वर्षे न विकल्या गेलेल्या नांगराने त्यांना हा धडा दिला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी त्यांच्या नांगरावर जो विश्वास ठेवला, तो या धड्याचेच फळ होते.