क्रीडागुरु वॉर्ड लॅम्बर्ट

अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांत वॉर्ड लॅम्बर्ट नांवाचे बास्केटबॉलचे एक कडक शिक्षक होऊन गेले. त्यांचा जन्म १८८८ सालचा. ते स्वतः ठेंगणे; म्हणून चपळाईचें मोल ते पुरतें जाणत. पर्ड्यू विद्यापीठाच्या संघास त्यांनीं ३७१ सामने जिंकून दिले.

१९२८ सालीं जॉन वुडन हा तरुण त्यांच्या हातीं आला. लॅम्बर्ट यांचा आग्रह तीन गोष्टींचा असे: शरीर दमदार राखावें, चेंडू फेंकणें व झेलणें हीं मूळ अंगें घोटून घ्यावींत, आणि संघापुढें मीपणा विसरावा. १९३२ सालीं वुडन यांच्या नायकत्वाखालीं पर्ड्यूनें आपल्या गटाचें अजिंक्यपद मिळविलें.

पुढें लॉस एंजेलिस येथें शिक्षक झाल्यावर वुडन नव्या खेळाडूंस प्रथम पायमोजे नीट घालावयास शिकवीत. कारण सुरकुतीनें फोड येतो व फोडानें सराव बुडतो. १९६४ ते १९७५ या काळांत त्यांच्या संघांनीं १० वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलें. तीं तीन तत्त्वें लॅम्बर्ट यांचींच, असें ते कृतज्ञतेनें सांगत.

लॅम्बर्ट १९५८ सालींच निवर्तले होते. शिष्याचें हें यश पाहण्यास गुरु उरले नाहींत. त्यांनीं लावलेली संवय मात्र उरली.