परिचर्येला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रमाबाई

भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावात आज नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलीची पहिली धावपळ सुरू होते ती नोकरीसाठी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हाती असते, पण अर्ज घेऊन गेल्यावर अनुभवाची विचारणा होते, आणि अनुभव तर नोकरीशिवाय मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वी अडचण नेमकी उलट होती. परिचारिकांची गरज होती, पण चांगल्या घरातली बाई हे काम करील, हेच समाजाला मान्य नव्हते. ही कोंडी फोडणाऱ्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी येते.

रमाबाईंचा जन्म १८६२चा, सांगली भागातल्या देवराष्ट्रे येथल्या कुर्लेकर घराण्यातला. १८७३मध्ये, अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तोवर त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी त्यांना मराठी आणि नंतर इंग्रजी शिकवले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचत नव्हते. टोमणे, अबोला हे सारे सोसून रमाबाई शिकत राहिल्या. पुढे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावे म्हणून झालेल्या सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हाही घरी त्यांना बोलणी खावी लागली.

१९०१च्या जानेवारीत न्यायमूर्ती गेले. अखेरच्या आजारपणात रमाबाई त्यांच्या उशाशी होत्या. वैधव्यानंतर काही काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग मात्र त्यांनी स्वतःला कामात झोकून दिले. १९०८मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन झाले आणि १९०९मध्ये पुण्याचे सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यात मोठी साथ होती. वाचन, शिवण, हस्तव्यवसाय यांचे वर्ग भरू लागले. येणाऱ्यांत विधवा आणि परित्यक्ता बऱ्याच असत. त्यांना चार अक्षरे येणे पुरेसे नव्हते, हातात पोटापुरते उत्पन्न हवे होते.

भारतीय बाई परिचारिका होऊ शकते, हे तोवर दिसून आले होते. बाई काशीबाई गणपत यांनी १८९१मध्येच मुंबईत प्रशिक्षणाला सुरुवात केली होती. तरी परक्या माणसाच्या जखमा धुणे, मलमूत्र काढणे, जातपात न पाहता रुग्णाला हात लावणे, रात्रपाळी करणे हे सारे हलके मानले जाई. १९११च्या सुमारास सेवासदनाने ससून रुग्णालयात आपल्या विद्यार्थिनींना परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली. मुली तयार होत, तर घरचे अडवत. रमाबाईंच्या नावाला समाजात मान होता आणि तो त्यांनी या मुलींच्या पाठीशी उभा केला. संस्थेने राहण्याचीही सोय केली, त्यामुळे घरच्यांची सुरक्षिततेची काळजी कमी झाली.

या कामाचे वैद्यकीय मोल मोठे होते. त्या काळी बहुतेक बाळंतपणे घरीच होत. न उकळलेल्या विळ्याने किंवा पात्याने नाळ कापली की धनुर्वाताचे जंतू बाळाच्या शरीरात जात आणि काही दिवसांत बाळ दगावे. अस्वच्छ हातांमुळे बाळंतिणीला सूतिकाज्वर होई. हात धुणे, हत्यार उकळणे, नाळ कोरडी ठेवणे एवढे जाणणारी आणि घरातल्या बायकांशी त्यांच्याच भाषेत बोलणारी प्रशिक्षित सुईण आली, की दोन जीव वाचत. म्हणूनच सेवासदनाच्या बायकांचे शिक्षण केवळ त्यांच्या पोटापुरते नव्हते.

शिकणे वॉर्डातच होत असल्याने त्या बाहेर पडत तेव्हा हाताला सवय झालेली असे. आजच्या मुलींनीही प्रात्यक्षिकाच्या तासांकडे उपस्थितीपुरते पाहू नये. कोणत्या विभागात किती काळ काम केले आणि कोणती कौशल्ये हाती आली याची नीट नोंद ठेवली, तर पहिल्या मुलाखतीत सांगण्यासारखे काही जवळ असते. रुग्णालयांनीही नव्या परिचारिकेला काही महिने अनुभवी सिस्टरच्या हाताखाली ठेवले, तर रुग्णाचेच भले होईल.

१९२४मध्ये रमाबाईंचे निधन झाले. टपाल खात्याने १९६२मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या कामाला कधी नाके मुरडली जात, त्याच कामासाठी आज मुली रांगेत उभ्या राहतात. तेव्हा प्रश्न प्रतिष्ठेचा होता, आता तो पहिल्या संधीचा आहे.