एडिसनची दहा वर्षे आणि माझे एकसष्ट किलोमीटर

निवृत्तीनंतर मी जुनी पेट्रोलची गाडी विकली आणि विजेवर चालणारी छोटी गाडी घेतली. मुलाने खर्चाचा हिशेब मांडून दिला, सौ.ने रंग निवडला. मला फक्त चालवायची होती. पहिला महिना पुण्यातल्या पुण्यात मजेत गेला. मग एका शनिवारी आम्ही वाईला आत्याकडे निघालो. बॅटरी भरलेली होती, आणि काचेवर आकडा होता १८२ किलोमीटरचा. वाई आमच्या घरापासून ८८ किलोमीटर. जाऊन-येऊन १७६. म्हणजे सहा किलोमीटर शिल्लक! मी खुशीत होतो.

खंबाटकीच्या चढाला ती खुशी उतरली. रस्ता पुढे सरकत होता एक किलोमीटर आणि आकडा उतरत होता चार-चारने. मी वातानुकूलन बंद केले. सौ. पदराने वारा घेत मुकाट बसली होती, पण तिच्या मुकाट बसण्याचा अर्थ मला कळत होता. घाट उतरताना आकडा थोडा वर आला, पण मन काही वर आले नाही. वाईला पोचेपर्यंत रस्त्याकडे कमी आणि त्या आकड्याकडे जास्त, असेच माझे लक्ष होते. आत्याच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या प्लगला गाडी लावली आणि मुक्काम करावा लागला.

आत्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या कपाटात लहानपणी मी वाचलेले एडिसनचे छोटेसे चरित्र अजून होते. रात्री झोप येईना म्हणून ते पुन्हा वाचले. दिवा होता, फोनोग्राफ होता, आगगाडीत वर्तमानपत्र विकणारा मुलगा होता. मात्र ज्या गोष्टीने मला त्या रात्री जागे ठेवले होते, तिचे नावही नव्हते. विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी! या माणसाने तिच्यापायी आयुष्याची दहा वर्षे घातली होती, हे मला नंतर इतर पुस्तके चाळताना कळले.

थॉमस अल्वा एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील मिलान या गावी झाला. सात भावंडांत हा शेवटचा. शाळा त्याला मानवली नाही. काही महिन्यांतच ती सुटली आणि आई नॅन्सीने त्याला घरी शिकवले. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरन ते डेट्रॉइट या आगगाडीत खाऊ आणि वर्तमानपत्रे विकू लागला. सामानाच्या डब्यात त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली, १८६२ साली त्याच गाडीत स्वतःचे साप्ताहिकही छापले. ऐकू कमी येत होते, पण तारायंत्राची टकटक त्याला बरोबर समजायची. तारमास्तर म्हणून तो गावोगाव हिंडला. चरित्रकार सांगतात, की लुईव्हिलच्या तार कचेरीत रात्रपाळीला बॅटरीशी खटपट करताना त्याच्या हातून आम्ल सांडले, फळ्यांच्या फटींतून ते खालच्या मजल्यावर साहेबांच्या खोलीत गळले, आणि दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. बॅटरीशी त्याचे भांडण असे लवकरच सुरू झाले होते म्हणायचे.

पुढचा भाग आपल्याला पाठ आहे. १८७६ साली मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ साली फोनोग्राफ, १८७९ साली दिवा. पण दिवा लावणे वेगळे आणि वीज विकणे वेगळे. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीज केंद्र सुरू झाले, तेव्हा गिऱ्हाइकाने किती वीज वापरली हे कसे सांगायचे, असा प्रश्न होता. एडिसनने काचेच्या बरणीत द्रावण भरून त्यात जस्ताच्या पट्ट्या सोडल्या. वीज जाईल तसे एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर जाऊन बसे. महिन्याने माणूस येई, पट्ट्या तोलून पाही आणि त्यावरून बिल निघे. डोळ्यांना न दिसणारी वीज तराजूत घालण्याची ही युक्ती. लोकांना मात्र त्या बरणीवर विश्वास ठेवणे जड गेले. आपल्याला वाचता येत नाही अशा मोजमापावर कोण विश्वास ठेवणार? काचेवरच्या माझ्या आकड्याचेही दुखणे हेच होते.

१८९० च्या दशकात एडिसनने न्यू जर्सीतल्या ऑग्डेन्सबर्ग इथे हलक्या प्रतीच्या दगडातून चुंबकाने लोखंड वेगळे काढण्याचा कारखाना काढला. तो पुरता बुडाला आणि लाखो डॉलर मातीत गेले. एखादा माणूस पन्नाशी उलटल्यावर अशा घावाने खचला असता. हा गृहस्थ १८९९ च्या सुमारास नव्या कामाला लागला. त्या वेळी अमेरिकेत जेमतेम काही हजार मोटारी बनत होत्या आणि त्यांतला साधारण तिसरा हिस्सा विजेवर चालणारा होता. आवाज नाही, धूर नाही, हँडल मारायची कटकट नाही. अडचण एकच. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल यांची बॅटरी अतिशय जड, चटकन खराब होणारी, आणि गाडी कुठे थांबेल याचा नेम नाही.

गंमत अशी, की ही अडचण एडिसनने आधीच ओळखली होती. १८९६ साली न्यूयॉर्कजवळच्या एका मेजवानीत त्याच्याच नावाच्या डेट्रॉइटच्या वीज कंपनीतला एक तरुण अभियंता त्याला भेटला. त्याचे नाव हेन्री फोर्ड. फोर्डने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार एडिसनने त्याच्या पेट्रोलच्या गाडीला मनापासून दाद दिली. विजेच्या गाडीला वीज केंद्राच्या आसपासच राहावे लागते, तुझी गाडी मात्र आपली शक्ती बरोबर घेऊन फिरते, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. आणि तीनच वर्षांनी तो स्वतः विजेच्या गाडीच्या नादी लागला.

शिसे आणि आम्ल दोन्ही टाकायचे, असे त्याने ठरवले. एका बाजूला निकेल, दुसऱ्या बाजूला लोखंड आणि मध्ये पोटॅशचे अल्कली द्रावण, अशी बॅटरी त्याने जुळवली. १९०१ साली कंपनी काढली, वर्तमानपत्रांतून मोठमोठी आश्वासने दिली. १९०३ साली बॅटरी बाजारात आली. आणि तक्रारी येऊ लागल्या. डबे सांध्यांतून गळत होते. त्याहून वाईट म्हणजे वापरता वापरता बॅटरीची ताकद घटत होती. आज जितके अंतर गेली तितके उद्या जाईल याची खात्री नव्हती.

इथे एडिसनने जे केले ते मला त्याच्या दिव्याहून मोठे वाटते. १९०४ च्या अखेरीस त्याने उत्पादन थांबवले आणि सदोष बॅटऱ्या परत घेतल्या. गाड्या चालत होत्या, मागणी होती. थोडी मलमपट्टी करून धंदा रेटता आला असता. त्याऐवजी तो पुन्हा प्रयोगशाळेत गेला आणि जवळजवळ पाच वर्षे तिथेच राहिला. हजारो प्रयोग फसल्यावरही त्याने, काय चालत नाही हे तर कळले ना, अशा अर्थाचे उत्तर दिल्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती आपण दिव्याशी जोडतो. त्याच्या सहकाऱ्याने सांगितलेली मूळ आठवण मात्र या बॅटरीची आहे.

दोष सापडला तो असा. निकेलच्या भुकटीतून वीज नीट वाहावी म्हणून त्याने ग्राफाइट मिसळले होते. बॅटरी भरताना-उतरताना ती भुकटी फुगे, आकसे आणि दोघांचा स्पर्श सुटे. मग ग्राफाइट गेले आणि शुद्ध निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे आले. बारीक नळीत भुकटी आणि पापुद्रे यांचे शेकडो थर दाबून भरायचे. द्रावणात लिथियमच्या एका संयुगाची थोडी भर टाकली, तशी ताकद आणखी टिकली. माझ्या गाडीची बॅटरीही लिथियमची आहे. तिचे काम निराळ्या रीतीने चालते, पण नाव वाचून मला उगीचच आपलेपणा वाटला. तयार बॅटऱ्यांना हादरे दिले, आपटले, गाड्यांत घालून खडबडीत रस्त्यांवरून फिरवले. १९०९ साली नवी बॅटरी बाजारात आली, आणि ती टिकाऊ निघाली.

डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची गाडी एका चाचणीत एका भरणीत ३४० किलोमीटरांच्या आसपास धावली. जाहिरातीत मात्र कंपनी गिऱ्हाइकांना १३० किलोमीटरांच्या आसपासचे अंतर सांगत असे. हे वाचून मी थबकलो. चाचणीचा आकडा आणि रोजचा आकडा वेगळा असतो, हे शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होते तर! शिवाय त्या काळी अशा गाड्यांत, बॅटरीतून किती वीज गेली हे मोजणारे काट्याचे यंत्र बसवीत. ते यंत्र किलोमीटर सांगत नसे. किती खर्च झाले एवढेच सांगे. किती जाता येईल हे चालवणाऱ्याने स्वतः ठरवायचे.

तेवढ्यात काळ पुढे गेला. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली, १९१२ साली पेट्रोलच्या गाडीला विजेचा स्टार्टर मिळाला. १९१४ च्या सुमारास फोर्डची साधी गाडी पाचशे डॉलरांच्या आत मिळे. डेट्रॉइट इलेक्ट्रिक अडीच हजारांच्या पुढे, आणि एडिसनची बॅटरी हवी तर आणखी सहाशे. फोर्ड आणि एडिसन आता जिवलग मित्र होते. दोघांनी मिळून स्वस्त विजेची गाडी काढण्याचा घाट घातला, तो तडीस गेला नाही. फोर्डची पत्नी क्लारा मात्र स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिकच चालवी. १९१६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत एडिसनच्या बॅटऱ्या बसवलेल्या पाणबुडीत हायड्रोजनचा स्फोट होऊन माणसे दगावली; तोही या कहाणीचा भाग आहे. गाड्या गेल्या, पण ती बॅटरी आगगाडीचे दिवे, सिग्नल, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे यांत वर्षानुवर्षे चालली, आणि उतारवयात तिनेच एडिसनला भरघोस पैसा दिला. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी तो गेला. अंत्यविधीच्या रात्री अमेरिकेत घरोघरी मिनिटभर दिवे मंद करण्यात आले.

हे सारे वाचून मी एक साधी गोष्ट केली. शंभर पानी वही आणली. काचेवरचा किलोमीटरचा आकडा म्हणजे मोजमाप नव्हे, अंदाज आहे. गाडी मागच्या थोड्या प्रवासावरून पुढचे ठरवते. शहरात हळू चालवली की ती आशावादी होते, घाटात घाबरते. खरे मोजमाप म्हणजे बॅटरीत उरलेली युनिटे. माझी बॅटरी २४ युनिटांची. वहीत लिहीत गेलो: शहरात युनिटाला साडेसात किलोमीटर, महामार्गावर नव्वदच्या वेगाने सहा, साठच्या वेगाने आठ, पावसात थोडे कमी. दोन महिन्यांत ताळा जमू लागला. सौ.ला वातानुकूलनही परत मिळाले. त्याला युनिटे फारशी लागतच नव्हती.

मग पावसाळ्यातली ती रात्र आली. आम्ही वाईला होतो. पुण्याहून येऊन, गावात दोन ठिकाणी जाऊन गाडी नुकतीच प्लगला लावली होती. बाराच्या सुमारास आत्याला दम लागला. डॉक्टरांनी फोनवर ताबडतोब साताऱ्याला हलवायला सांगितले. रुग्णवाहिका यायला तासभर लागणार होता. काचेवर आकडा ६१. सातारा ३५ किलोमीटर. पहिल्या महिन्यातला मी असतो तर कुणाची तरी गाडी शोधत आळीतून फिरलो असतो. मी वही उघडली. आठ युनिटे होती, रस्त्यात घाट नव्हता, पाऊस होता. पाच, फार तर सहा लागतील. प्लग काढला आणि निघालो.

वाटेत मी त्या आकड्याकडे एकदाही पाहिले नाही, असे म्हटले तर खोटे होईल. दोनदा पाहिले. रुग्णालयाच्या दारात पोचलो तेव्हा तिथे २१ होते. आत्याला प्राणवायू लावला. पहाटेपर्यंत तिचा श्वास लागी लागला.

चार दिवसांनी तिला घरी आणले. पलंगावर टेकताच तिने वही मागवून घेतली, चष्मा लावला आणि जुन्या सवयीने माझी बेरीज तपासली. एका ठिकाणी हातचा चुकला होता. तिने लाल पेन मागितले.