एका चिठ्ठीवरची दोन औषधे

आमवाताच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर बहुधा दोन गोळ्या असतात: मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड. दोन्हींच्या मागे एकच नाव आहे, डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

त्यांचा जन्म १८९५ साली आंध्रातल्या भीमावरमचा. घरची गरिबी. तरुणपणीच त्यांचे दोन भाऊ थोड्या दिवसांच्या अंतराने स्प्रू या आतड्यांच्या आजाराने गेले. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेताना गांधीजींच्या हाकेला ओ देत ते खादीचा गाऊन घालून शस्त्रक्रियागृहात गेले. इंग्रज प्राध्यापकाचा रोष ओढवला आणि एमबीबीएसऐवजी दुय्यम एलएमएस पदवी हाती आली.

१९२३ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला पोहोचले. फिस्के यांच्यासोबत त्यांनी रक्तातला फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली, स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनांवर काम केले. तरी कायम नोकरी मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले कंपनीत गेले. तिथे त्यांच्या चमूने १९४५ मध्ये फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले. ज्या आजाराने भाऊ नेले, त्या स्प्रूवरही ते उपयोगी ठरले.

पुढे याच चमूने फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी, पण त्याचे काम अडवणारी औषधे बनवली. पेशींना डीएनए बनवायला फॉलिक ॲसिड लागते आणि ते वापरायोग्य करणारे एक एन्झाइम असते. ही औषधे त्यालाच जखडून ठेवतात. त्यातल्याच एकाने १९४८ मध्ये ल्युकेमियाच्या मुलांना काही काळ दिलासा दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, अवघ्या ५३व्या वर्षी सुब्बाराव गेले.

पुढची गोष्ट त्यांना पाहता आली नाही. मेथोट्रेक्सेट अगदी कमी मात्रेत दिले, तर ते चयापचयातल्या आणखी एका एन्झाइमला आवर घालते. त्यामुळे ॲडेनोसिन वाढते, आणि स्वतःच्याच सांध्यांवर चाल करून गेलेली प्रतिकारशक्ती शांत होते.

हे कॅन्सरचे औषध आहे असे ऐकून अनेक रुग्ण घाबरतात आणि गोळी परस्पर बंद करतात. मग सांधे वाकडे होऊ लागतात. आमवातात त्याची मात्रा बरीच कमी असते. मात्र ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. गरोदरपणात ती चालत नाही. रक्ततपासणी चुकवू नका आणि फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी घ्या.