कै. माधवराव शिंदे

हिवाळ्याच्या पहाटे गोदाकाठी धुके उतरले, म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातील गाडीवान बैलांना आवरतो. फारच दाटले तर गाडी बाजूस घेऊन उजाडण्याची वाट पाहतो. आकाशातील वैमानिकास मात्र असे थांबता येत नाही. ह्या संकटाशी ज्यांचा आयुष्यात दोन वेळा संबंध आला, अशा एका कर्तबगार पुरुषाचे अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

माधवरावांचा जन्म मुंबईस १० मार्च १९४५ रोजी झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. राणोजी व महादजी यांच्या पराक्रमाने ते उत्तरेत नावारूपास आले आणि ग्वाल्हेरचे अधिपती झाले. १९६१ साली वडील जिवाजीराव निवर्तले, तेव्हा माधवराव अवघे सोळा वर्षांचे होते. त्यांचे शिक्षण ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील शिंदे विद्यालयात व पुढे इंग्लंडात विंचेस्टर आणि ऑक्सफर्ड येथे झाले. जन्माने मिळालेल्या मानावर संतुष्ट न राहता १९७१ साली ते लोकांकडे मते मागावयास गेले. लोकसभेच्या नऊ निवडणुका त्यांनी लढविल्या व एकीतही पराभव पाहिला नाही. रेल्वे खाते त्यांजकडे असता १९८८ साली पहिली शताब्दी गाडी धावू लागली.

१९९१ साली ते नागरी विमान वाहतूक मंत्री झाले. पुढे वैमानिकांच्या संपामुळे इंडियन एअरलाइन्सने परदेशी विमाने भाड्याने घेतली. त्यांपैकी हैदराबादेहून आलेले एक टुपोलेव विमान ९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीच्या दाट धुक्यात उतरताना आदळले, उलटले व पेटले. ईश्वरकृपेने आतील १६५ माणसांपैकी एकही दगावले नाही. धुके माधवरावांनी आणले नव्हते, विमानही त्यांनी हाकले नव्हते. तथापि खाते आपले, तेव्हा दायित्वही आपले, असे मानून त्यांनी मंत्रिपद सोडले.

धुके, ढग व रात्र ही विमानास इतकी घातक का, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. आपल्या कानाच्या आत शरीराचा तोल राखणारे इंद्रिय आहे. क्षितिज दिसेनासे झाले की ते फसविते; विमान वळत असताही सरळ चालल्याचा भास होतो. म्हणूनच देहाच्या जाणिवेपेक्षा यंत्राच्या काट्यावर विश्वास ठेवण्यास वैमानिकास शिकवितात. लहान विमाने मोठ्यांइतकी उंच जात नाहीत; पुष्कळदा त्यांस ढगांतूनच वाट काढावी लागते आणि रात्री तर समोरचा ढगही दिसत नाही. अशा वेळी न निघणे, किंवा निघाल्यास मागे फिरणे, हाच खरा उपाय होय.

१९९५ साली माधवराव पुन्हा मंत्रिमंडळात आले व मनुष्यबळ विकास खाते त्यांनी सांभाळले. ३० सप्टेंबर २००१ रोजी ते एका सभेसाठी लहान विमानाने दिल्लीहून कानपुरास निघाले. दिवस होता, परंतु हवा वाईट होती. उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात ते विमान कोसळले व आतील आठही जण मरण पावले. त्यांत दोघे वैमानिक आणि सभेचे वृत्त देण्यास निघालेले पत्रकारही होते. माधवरावांचे वय तेव्हा ५६ वर्षांचे होते. त्या दिवशी काय चुकले, ह्याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे.

पुढे २०२१ साली त्यांचे पुत्र ज्योतिरादित्य यांजकडे तेच विमान खाते आले, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

मंत्रिपदे अनेकांस मिळतात. कोणी मेले नसताही आपले दायित्व मानून पद सोडणारे थोडे. माधवरावांच्या चरित्रातील हा प्रसंग विद्यार्थ्यांनी मनात साठवावा. पालकांसही आमची एक विनंती आहे. लग्नाचा मुहूर्त असो वा परीक्षेची वेळ, हवा वाईट असता गाडी हाकणारा थांबू म्हणेल, तर त्यास घाई करू नये. उशिरा पोहोचलेल्या माणसाचे स्वागत करता येते.