वुड्रो विल्सन : राष्ट्राला प्रेषित मानणारा अध्यक्ष

आपले राष्ट्र इतरांसारखे नाही, जगाला मार्ग दाखविण्यासाठीच ते जन्मास आले आहे, ही भावना अमेरिकेच्या राजकारणात जुनीच. तिला परराष्ट्र धोरणाचे अधिष्ठान मिळवून दिले ते २८ वे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी.

विल्सन यांचा जन्म २८ डिसेंबर १८५६ रोजी व्हर्जिनियातील स्टॉन्टन येथे झाला. वडील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक होते. घरातला तो धर्मसंस्कार पुढे विल्सन यांच्या राजकीय भाषेतही उतरला. प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्षपद, न्यू जर्सीचे गव्हर्नरपद अशी वाटचाल करीत ते १९१३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये दाखल झाले.

देशाला महायुद्धापासून दूर ठेवणारा नेता, या प्रचारावर त्यांनी १९१६ ची निवडणूक जिंकली. पण एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. आपल्याला ना भूमी हवी, ना खंडणी. लढायचे ते लोकशाहीसाठी जग सुरक्षित करण्याकरिता, अशी त्यांची भूमिका होती. जानेवारी १९१८ मध्ये त्यांनी आपली चौदा कलमे मांडली आणि पारतंत्र्यातील देशांच्या आशा पालवल्या. लोकमान्य टिळकांनी १९१९ मध्ये लंडनहून हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची मागणी विल्सन यांच्यापर्यंत पोहोचविली. हाती आली ती केवळ सौजन्यपूर्ण पोच.

विल्सन यांच्या उक्ती आणि कृतीत अंतर होते. त्यांच्याच कारकिर्दीत अमेरिकी फौजा १९१४ मध्ये मेक्सिकोतील व्हेराक्रूझ येथे, १९१५ मध्ये हैतीत व १९१६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमध्ये उतरल्या. पॅरिसच्या शांतता परिषदेत वांशिक समानतेच्या जपानच्या प्रस्तावाला बहुमत मिळाले होते. मात्र एकमत नाही, असे कारण देऊन अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी तो फेटाळला.

राष्ट्रसंघ हे त्यांचे स्वप्न. त्यासाठी देशभर दौरा करताना त्यांची प्रकृती ढासळली आणि ऑक्टोबर १९१९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. तरीही विरोधकांशी तडजोड करण्यास ते राजी नव्हते. सिनेटने नोव्हेंबर १९१९ मध्ये व पुन्हा मार्च १९२० मध्ये व्हर्सायचा तह नाकारला. गंमत अशी, की विरोधकांचा आधारही तोच होता : अमेरिका आगळी आहे, म्हणून तिने इतरांच्या बंधनात अडकू नये.

१९१९ चे शांततेचे नोबेल पारितोषिक विल्सन यांना मिळाले. राष्ट्रसंघात त्यांचा देश मात्र कधीच गेला नाही. ३ फेब्रुवारी १९२४ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. जगाचे नेतृत्व करणे आणि जगाचे नियम स्वतःला लावून घेणे या दोन गोष्टींची सांगड त्यांना घालता आली नाही. आपल्या वेगळेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक राष्ट्रापुढे तो पेच आजही उभा आहे.